पाठ झालेला मजकूर यंत्राला सोपवताना

महाराष्ट्र शासनाचा कोणताही अलीकडचा शासन निर्णय उघडा आणि थेट शेवटाकडे जा. विषय शाळेचा असो, धरणाचा असो की कर्मचाऱ्यांच्या भत्त्यांचा, शेवटचा परिच्छेद तोच असतो. हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केला आहे, त्याचा संकेतांक अमुक आहे आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढला जात आहे. खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. एवढ्या मजकुरात दर वेळी बदलणारी गोष्ट एकच, तो १८ आकडी संकेतांक. त्यातले पहिले आठ आकडे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात.

याच परिच्छेदात अनेक निर्णयांत ‘संकेतांक’ या शब्दावरचा अनुस्वार गळलेला असतो आणि ‘करून’मधला ‘रू’ ऱ्हस्व झालेला असतो. विभाग वेगळे, वर्षे वेगळी, टंकणारी माणसे वेगळी, आणि चूक मात्र एकच. याचा अर्थ उघड आहे. हा मजकूर बहुतेक वेळा कोणी टंकत नाही. आधीच्या निर्णयाची फाइल उघडून तिच्यावरच नवा निर्णय बेतला जातो आणि जुनी चूक नव्या कागदावर निमूटपणे येऊन बसते.

त्या सवयीला दुसरा रस्ता दाखवावा म्हणून हे पुस्तक लिहिले आहे. कळफलकावर वारंवार करावे लागणारे काम एकदाच नीट नोंदवून ठेवायचे आणि पुढे एका खुणेसरशी संगणकाकडून करवून घ्यायचे, एवढाच त्याचा विषय. अशा नोंदीला मॅक्रो म्हणतात. सर्वांत साधा मॅक्रो म्हणजे लघुरूप: तीन अक्षरे टंकली, स्पेस दिली, की त्यांच्या जागी पूर्ण वाक्य येते. त्यापुढचा मॅक्रो कळांची अख्खी मालिका लक्षात ठेवतो. ओळीच्या सुरुवातीला जा, शब्द उचल, पुढच्या रकान्यात ठेव, खालच्या ओळीवर ये. तिसऱ्या प्रकारात माणूस चार-दोन ओळींचा प्रोग्राम लिहितो आणि त्यात अटी घालतो. या पुस्तकाचा बराचसा भाग पहिल्या दोन प्रकारांना दिला आहे, कारण तहसील कार्यालयातला लिपिक, वकिलाकडचा टंकलेखक, छापखान्यातला डीटीपी ऑपरेटर किंवा पतसंस्थेत बसणारी कर्मचारी यांची रोजची नड तेवढ्यावर भागते.

वेळ किती वाचतो, हा प्रश्न सर्वांत आधी येतो. ‘वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की,’ हे सात शब्द घ्या. मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम धरून युनिकोडची ४४ चिन्हे होतात. संगणक टंकलेखनाच्या परीक्षेतला मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग धरला तर त्यांना १४ सेकंद लागतात. दिवसाला २० पत्रे असली तरी पाच मिनिटे भरत नाहीत. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर हिशेब एकोणीस तासांच्या थोडा पुढे जातो. एका वाक्याची ही बचत आहे, अशी वाक्ये पाच-पन्नास असतात, हे खरे. तरीही निव्वळ घड्याळाच्या आधारावर मॅक्रोची भलामण करणे मला पटत नाही.

खरा लाभ लक्षाचा आहे. ठरीव मजकूर टंकताना डोळे आणि बोटे गुंतलेली असतात, मन गुंतलेले नसते. मग नाव, तारीख, गट क्रमांक, रक्कम हे सारेही त्याच लयीत, त्याच गुंगीत टंकले जाते. आणि नुकसान होते ते इथेच. ‘विषयास’ या शब्दात चूक झाली तर वाचणारा समजून घेतो. गट क्रमांकातला एक आकडा चुकला तर नोटीस भलत्याच खातेदाराच्या दारात जाते. पाठ असलेला मजकूर यंत्राने आणला तर माणसासमोर उरतात ती फक्त विचार करून भरायची ठिकाणे, आणि त्यांच्यावर मन लावायला त्याला उसंत मिळते.

जुन्या पत्रावर नवे पत्र बेतण्याची पद्धत म्हणूनच मला धोक्याची वाटते. जुन्या फाइलीत प्रत्येक जागा भरलेली असते. अर्जदाराचे नाव विषयात बदलले पण तिसऱ्या परिच्छेदात आधीच्याच माणसाचे राहिले, हे कार्यालयात बसणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेले आहे. मॅक्रोतून आलेल्या मसुद्यात ती जागा रिकामी असते. रिकामी जागा डोळ्यांत खुपते. चुकीच्या नावाने भरलेली जागा खुपत नाही, ती नजरेखालून सहज निसटते. या पुस्तकातल्या सगळ्या नमुन्यांत बदलणाऱ्या मजकुराच्या ठिकाणी तीन फुल्या ठेवल्या आहेत आणि पत्र पुरे झाल्यावर उरलेल्या फुल्या शोधणारा एक वेगळा मॅक्रो दिला आहे. एकही फुली शिल्लक असताना पत्र छापायला सोडू नये.

मराठीत टंकणाऱ्यांपुढे काही अडचणी अशा असतात ज्यांचा पत्ता इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शिकांना नसतो. इंग्रजीत लघुरूपाची सुरुवात अर्धविरामाने करायची पद्धत आहे, कारण शब्दाच्या आरंभी अर्धविराम कधी येत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर मात्र त्याच कळीवर ‘च’ आहे. तिथे ही युक्ती चालत नाही. त्याऐवजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन मराठीत शब्द म्हणून कधी न येणारा जोड बनवणे सोयीचे. ‘महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६’ या ३५ चिन्हांच्या नावासाठी ‘मजम’ पुरते. ‘वर’, ‘सदर’, ‘मत’ अशी लघुरूपे मात्र चुकूनही ठेवू नयेत, नाहीतर साध्या वाक्याच्या मधोमध कलमांची रांग उभी राहते.

रोमन अक्षरांत टंकून मराठी शब्द निवडायची साधने वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्या साधनांत आधी रोमन अक्षरे जमा होतात आणि मग शब्द ठरतो. लघुरूप ओळखणारा प्रोग्राम आणि हे साधन दोघेही तीच अक्षरे पकडायला धावतात आणि एकमेकांच्या पायांत येतात. ज्या कळफलकावर एक कळ थेट एक चिन्ह देते तिथे हा त्रास होत नाही, म्हणून मॅक्रो वापरायचे तर इनस्क्रिप्ट शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्डमधली ‘ऑटोकरेक्ट’ची यादी भाषेगणिक वेगळी असते, इंग्रजी भाषा निवडलेली असताना घातलेले लघुरूप मराठी मजकुरात उमटत नाही आणि माणूस उगाच आपले काही बिघडले असे समजतो. विंडोजवर लघुरूपे आणि मॅक्रो चालवणाऱ्या ऑटोहॉटकी या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत देवनागरी मजकूर असलेली फाइल ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ या प्रकारात साठवली नाही तर अक्षरांच्या जागी कचरा येतो. आणि तारीख: वर्डमध्ये ऑल्ट, शिफ्ट आणि डी एकत्र दाबले की तारीख येते खरी, पण ती जिवंत तारीख असते, फाइल पुन्हा उघडली किंवा छापली की बदलू शकते. जावक क्रमांक पडलेल्या पत्राची तारीख पुढच्या महिन्यात आपोआप बदललेली चालणार नाही. तारखेसाठी मॅक्रोने स्थिर मजकूरच घालायला हवा.

मॅक्रो आंधळा असतो. तुम्ही काय दाबले हे त्याला ठाऊक असते, का दाबले हे ठाऊक नसते. मराठीत याचे उत्तम उदाहरण ‘ऱ्या’चे आहे. घाईत किंवा जुन्या सवयीने पुष्कळ जण ‘करणाऱ्या’ऐवजी ‘करणार्या’ टंकतात. पुस्तकाचे तीनशे पानी हस्तलिखित अशा अक्षरांनी भरून आले की ऑपरेटरला मोह होतो: सगळीकडचे ‘र्या’ एका झटक्यात ‘ऱ्या’ करून टाकावेत. तसे केले की ‘दर्या’च्या ‘दऱ्या’ होतात आणि कोळी समुद्राऐवजी डोंगरात जाऊन पोचतो. ‘भार्या’, ‘आचार्या’, ‘सूर्याजी’ हे सगळे मोडतात. हा विनाश संगणकाला दिसत नाही; त्याच्या लेखी हुकूम बिनचूक पाळला गेला.

शहाणा ऑपरेटर काय करतो? तो नियम अरुंद करतो. आधी फक्त ‘णार्या’चे ‘णाऱ्या’ करतो, कारण ‘करणाऱ्या’, ‘जाणाऱ्या’, ‘बोलणाऱ्या’ या घडणीत तो जवळजवळ नेहमी बरोबर असतो. मग ‘कर्मचार्या’, ‘अधिकार्या’, ‘शेतकर्या’, ‘व्यापार्या’ असे शब्द नावानिशी घेतो. उरलेली ठिकाणे यंत्राला एकेक करून दाखवायला सांगतो आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः हो किंवा नाही म्हणतो. कामाचा मोठा वाटा यंत्राने उचलला, पण शेवटचा निवाडा मराठी जाणणाऱ्या माणसाकडे राहिला. माझ्या मते मॅक्रो करण्याची सगळी कला या वाटणीत आहे, आणि या पुस्तकातली सर्वांत मोठी दोन प्रकरणे तिच्यावर खर्च झाली आहेत.

मालिका नोंदवणाऱ्या मॅक्रोतही हाच विवेक लागतो. बाणाची कळ आठ वेळा दाबून एखाद्या शब्दापाशी पोचलात तर मॅक्रो तो आठचा आकडा लक्षात ठेवतो. पुढच्या ओळीत नाव लांब असले की तो भलत्याच अक्षरावर जाऊन थांबतो. त्याऐवजी आधी होमची कळ दाबून ओळीच्या आरंभी यावे, कंट्रोलसह बाण दाबून शब्दाशब्दाने सरकावे किंवा थेट ‘रुपये’ हा शब्दच शोधावा, म्हणजे मालिका मजकुराच्या रचनेला धरून चालते. वर्डमधली मॅक्रो नोंदवायची सोय मजकुरावर माउसने केलेली निवड नोंदवतच नाही, त्यामुळे कळफलकावरूनच फिरायची सवय लागते, आणि ते चांगलेच आहे. एक्सेलमध्ये ‘सापेक्ष संदर्भ’ चालू न करता नोंद केली तर मॅक्रो प्रत्येक वेळी त्याच कोठ्यात जाऊन बसतो.

ही जाण नवी नाही. १९६२ मध्ये डॅन मर्फी यांनी एमआयटीत कागदी फितीवरचा मजकूर दुरुस्त करण्यासाठी ‘टेको’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याच्या वापरकर्त्यांनी आपापल्या सोयीचे मॅक्रो बनवले आणि ते वाढत गेले. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते एकत्र आणले आणि त्यातून ‘इमॅक्स’ हा मजकूर-संपादक घडला. आज पन्नास वर्षांनीही तो वापरात आहे. इमॅक्समध्ये एफ३ दाबले की नोंद सुरू होते, एफ४ दाबले की संपते आणि पुन्हा एफ४ दाबले की तीच मालिका चालते. त्यातली मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे शून्य आवृत्तींचा हुकूम. ‘शून्य वेळा चालव’ म्हणजे ‘अडेपर्यंत चालव’. शोधायचा शब्द संपला, की शोध फसतो आणि मॅक्रो तिथेच थांबतो. आपण शेवट कुठे आहे हे मोजून सांगायचे नसते. अपयश हाच त्याचा लगाम. एखादा मॅक्रो कुठे थांबेल हे सांगता येत नसेल तर तो चालवू नये, एवढे तरी या जुन्या मंडळींकडून प्रत्येकाने घ्यावे.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर मॅक्रो पोचला तो लोटस १-२-३ मुळे. १९८३ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या या प्रोग्राममध्ये हिशेबनीस एखाद्या कोठ्यात कळांचीच रांग मजकूर म्हणून लिहीत, एंटरसाठी एक नागमोडी रेघ घालत आणि त्या कोठ्याला नाव देत. मग ऑल्टसह एक अक्षर दाबले की रांग चालू लागे. पुढे १९९० च्या विंडोज ३.० मध्ये कळा आणि माउस नोंदवणारा ‘रेकॉर्डर’ संगणकाबरोबरच मिळू लागला, आणि विंडोज ९५ मध्ये तो गेलाही. ज्या सोयीने सामान्य माणसाला सर्वांत जास्त मदत केली असती ती अशी काढून टाकली, हे मला आजही अयोग्य वाटते. ती पोकळी २००३ मध्ये क्रिस मॅलेट यांच्या ऑटोहॉटकीने भरून काढली. हा प्रोग्राम मोफत आणि मुक्त आहे. एक्सेल २०१३ मधले ‘फ्लॅश फिल’, सुमित गुलवानी यांच्या संशोधनावर उभे राहिलेले, याच वाटेवरचे पुढचे पाऊल: दोन ओळींत काय हवे ते करून दाखवा, बाकीच्या ओळी ते अंदाजाने भरते. अंदाज म्हणजे अंदाजच, तेव्हा त्या ओळी वाचून घ्यायच्या.

मराठीच्या दृष्टीने मॅक्रोचे एक मोठे काम अजून बाकी आहे. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टंकलेला आपला प्रचंड मजकूर छापखान्यांत, साखर कारखान्यांच्या अहवालांत, दिवाळी अंकांच्या जुन्या फाइलींत पडून आहे. त्यांत ‘क’ हे ‘क’ म्हणून साठवलेले नाही, कुठल्यातरी रोमन चिन्हावर काढलेले चित्र आहे. फॉन्ट गेला की मजकूर गेला. त्याला युनिकोडमध्ये आणणे म्हणजे शेकडो ‘शोधा आणि बदला’ हुकूम ठरावीक क्रमाने चालवणे. क्रम चुकला तर सगळे चुकते: आधी लांब जोडाक्षरे, मग सुटी अक्षरे. शिवाय ऱ्हस्व वेलांटी त्या फॉन्टांत दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलट, तो जुन्या पद्धतीत अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. म्हणजे नुसती चिन्हे बदलून भागत नाही, त्यांच्या जागाही अदलाबदल कराव्या लागतात. हे काम हाताने केले तर आयुष्य पुरणार नाही. मॅक्रोने करून माणसाने वाचले तर ते होण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत त्यांनी त्या संगणकाबरोबर मोडीत काढू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. वर्ड-एक्सेलच्या फाइलीत दडलेले परक्याचे मॅक्रो घातक ठरू शकतात. १९९५ मध्ये ‘कन्सेप्ट’ आणि १९९९ च्या मार्चमध्ये ‘मेलिसा’ हे व्हायरस वर्डच्या मॅक्रोंतूनच पसरले, आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. तेव्हा मॅक्रो स्वतः करावा, किंवा ज्याची प्रत्येक ओळ वाचून कळते तोच घ्यावा. पासवर्ड, आधार क्रमांक, बँक खात्याचे आकडे लघुरूपांत कधीही साठवू नयेत. ती यादी कुलूपबंद नसते आणि ती कोणीही उघडू शकतो. कार्यालयाच्या संगणकावर काहीही बसवण्याआधी तिथल्या जबाबदार माणसाची परवानगी घ्यावी. ती मिळाली नाही तरी वर्ड किंवा लिबरऑफिसमधल्या आयत्या सोयींवर या पुस्तकाचा अर्धा भाग करता येतो.

लघुरूपात काय साठवायचे, हे ठरवताना तो मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. हाताने टंकावे लागत होते तोवर कष्टामुळे तरी पत्रे आवरती होती. तीन कळांत चार ओळी येऊ लागल्या की ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’ची भर घालायला काहीच कष्ट पडत नाहीत. पत्र लांबते आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. साठवायचे वाक्य एकदाच लिहायचे असते, मग ते साधे, थोडके आणि शुद्ध लिहायला तासभर गेला तरी तो सत्कारणी लागला असे समजावे. शब्दकोश जवळ ठेवावा, जाणत्या सहकाऱ्याला दाखवावे, आणि मगच यादीत घालावे. पुढची कित्येक वर्षे ते वाक्य तुमच्या कार्यालयाच्या नावाने लोकांच्या घरी जाणार आहे.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. डीटीपीचे काम करणाऱ्यांनी ‘ऱ्या’ची दोन प्रकरणे आधी घ्यावीत, जुन्या फॉन्टांशी झगडणाऱ्यांनी शेवटून सुरुवात केली तरी चालेल. पण आठवडाभर एक काम सर्वांनी करावे: शेजारी कागद ठेवून, दिवसात जे जे वाक्य दुसऱ्यांदा टंकावे लागले ते लिहून ठेवावे. ती यादी तयार झाली की पहिले प्रकरण उघडा. त्याला वर्ड किंवा लिबरऑफिस यांपैकी एक आणि मराठी कळफलक, याखेरीज काहीही लागत नाही.